सात लाखांचं घड्याळ घ्यावं का? बाबांच्या एचएमटीपासून सुरू झालेला प्रश्न

जुळेसोलापूर_४६

नमस्कार मंडळी, लै दिवसांपासून डोक्यात घोळालंय म्हणून शेवटी इथे विचारतोय. माझं शाळेच्या गणवेशाचं शिलाई युनिट आहे, वीस मशीन आहेत, मागच्या दिवाळीला कर्ज फिटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा असं झालंय की थोडे पैसे बाजूला पडलेत आणि ते कुणाला द्यायचे नाहीयेत. मला ओमेगाचं स्पीडमास्टर घ्यायचंय. तेच, चंद्रावर गेलेलं. पुण्याच्या शोरूमला फोन केला तर सात लाखांच्या पुढे सांगितलं.

बायको नको म्हणत नाहीये. ती एवढंच विचारते की त्यात नेमकं काय आहे ते मला समजेल असं सांगा, मग घ्या. आणि मला ते सांगताच येईना. मोबाईलमध्ये टाइम दिसतो, हजार-बाराशेचं कॅसिओ जास्त बरोबर चालतं, हे मलाही कळतं की. तरी रात्री दुकान बंद करून घरी आलो की त्याच घड्याळाचे व्हिडिओ बघत बसतो.

हे कुठून आलं ते सांगतो. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १९८१ च्या बोनसमधून त्यांनी एचएमटी जनता घेतलं. पांढरी डायल, काळे काटे, बाकी काही नाही. रोज सकाळी चहा झाला की कप खाली ठेवायचे, घड्याळ डाव्या हातात धरायचे आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने चावी द्यायचे, अगदी सावकाश, कर्र कर्र असा बारीक आवाज यायचा, आणि चावी जड लागली की थांबायचे, एक फेरासुद्धा जास्त नाही. मग घड्याळ माझ्या कानाला लावायचे. मी "चालालंय" म्हटलं की मगच मनगटावर. त्या काळी गिरणीचा भोंगा अख्ख्या गावाला ऐकू यायचा, त्याच्यावरच लोक उठायचे, डबे भरायचे, पाळीला निघायचे. मी एकदा विचारलं होतं की भोंगा आहे तर घड्याळ कशाला. म्हणाले, भोंगा मालकाचा हाय, हे माझं.

गिरणी बंद पडली तेव्हा मी दहावीत होतो. त्यानंतर कधीतरी ते घड्याळ बंद पडलं आणि कपाटात गेलं. बाबा २०१९ ला गेले. घड्याळ अजून त्याच कपाटात आहे, मी एक-दोनदा चावी द्यायला गेलो पण फिरतच नाही, जोर लावायची हिंमत झाली नाही.

स्पीडमास्टरसुद्धा चावीचंच आहे, सेल नाही, ऑटोमॅटिकपण नाही, रोज चावी द्यावी लागते. मला वाटतं म्हणूनच बाकी कुठलं डोक्यात बसत नाहीये.

तर जाणकारांनी सांगा, एवढ्या किमतीला त्यात असतं काय, पुढे किंमत टिकते का, आणि सोलापुरात असलं घड्याळ घेतलं तर बिघडल्यावर जायचं कुठे. घाई नाही, सविस्तर लिहा.

---

होटगीरोड_मास्तर

घ्या मालक. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि दर वर्षी आठवीच्या पोरांना या घड्याळाची गोष्ट सांगतो. नासाने वेगवेगळ्या कंपन्यांची घड्याळं घेऊन भट्टीत घातली, गोठवली, हादरवली, निर्वात पेटीत ठेवली आणि १९६५ ला हे एक निवडलं. अपोलो ११ च्या वेळी यानातलं इलेक्ट्रॉनिक टायमर बिघडलेलं म्हणून आर्मस्ट्राँगने आपलं स्पीडमास्टर आत ठेवलं आणि ऑल्ड्रिन मनगटावर बांधून चंद्रावर उतरला. त्यापेक्षा मला अपोलो १३ ची गोष्ट जास्त आवडते. १९७० साल. ऑक्सिजनची टाकी फुटली, वीज वाचवायला सगळं बंद करून टाकलेलं, आणि पृथ्वीकडे येणारा रस्ता जरासा दुरुस्त करायला इंजिन बरोबर १४ सेकंद चालवायचं होतं. ते १४ सेकंद यानातल्या स्वायगर्ट या अंतराळवीराने हातातल्या घड्याळावर मोजले. चावी दिलेल्या घड्याळावर! पोरं एकदम गप्प होतात इथे. वहिनींना हीच गोष्ट सांगा.

---

चिमटा_आणि_भिंग

मालक, मी नवी पेठेच्या बाजूला घड्याळ दुरुस्तीला बसतो. आजोबांचं दुकान, मी स्वतः अठ्ठावीस वर्षं बसतोय. तुमचं ते कर्र कर्र वाचलं आणि दुकानातच मोबाईलवर टाईप करायला घेतलं, गिऱ्हाईक आलं की थांबतोय, त्यामुळे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

पहिले, त्यात असतं काय. चावी दिली की आत एका गोल डबीत पोलादाची पातळ पट्टी गुंडाळली जाते, ती मेन स्प्रिंग. तिला एका झटक्यात सुटायचं असतं. तिला तसं सुटू न देणं, मोजून मोजून थोडं थोडं सोडणं, म्हणजे घड्याळ. बाकीची सगळी चाकं त्याच्यासाठी. शेवटच्या चाकाला जहाजाच्या नांगरासारखा एक छोटा तुकडा अडवतो, पॅलेट म्हणतो आम्ही, त्याच्या दोन टोकांना लाल खडे असतात, आणि त्या नांगराला इकडून तिकडे ढकलतं बॅलन्स व्हील. बॅलन्सला केसापेक्षा बारीक हेअर स्प्रिंग. तुमच्या बाबांच्या जनतामध्ये असे सतरा खडे, ज्वेल म्हणतात, आहेत आणि ते तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे किती झाले? चार लाख बत्तीस हजार. आता असं घड्याळ दिवसाला ४३ सेकंद पुढे गेलं तर लोक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात, पण हिशोब केला तर ती चूक दोन हजारात एक एवढीच आहे. एका पट्टीच्या स्प्रिंगने आणि चार-पाच चाकांनी, सेल नाही, वीज नाही. मला अजून रोज याचं नवल वाटतं, खरं सांगतो.

सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्याच्याशी बॅलन्स कधीच बरोबरी करू शकत नाही. म्हणून वेळ अचूक पाहिजे एवढंच असेल तर कॅसिओ घ्या, विषय संपला. पण तुम्हाला तेवढंच नकोय हे दिसतंय.

स्पीडमास्टरबद्दल. आत्ता त्यात ३८६१ नंबरचं मशीन येतं, तासाला २१,६००, म्हणजे सेकंदाला सहा ठोके, पूर्ण चावी दिली की साधारण पन्नास तास चालतं. दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे, मागे नाही, एवढ्यात बसलं तरच पास. आणि १५,००० गाउसचं (गाउस म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) चुंबक लावून तपासतात. ही चुंबकाची गोष्ट लोक मनावर घेत नाहीत. पूर्वी घड्याळं धुळीने आणि घामाने बिघडून यायची, आता मोबाईलच्या चुंबकवाल्या कव्हरने, लॅपटॉपने, स्पीकरने येतात. हेअर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. तुमच्या या नवीन मशीनला तो त्रास नाही.

आता पैसा कुठे जातो. मी लपवत नाही, सातातला बराच भाग नावाचा, जाहिरातीचा, शोरूमच्या काचेचा आहे. ओमेगा, रोलेक्स वर्षाला लाखांनी घड्याळं बनवतात, तिथे बरंचसं काम मशीनवर होतं, अतिशय चांगल्या मशीनवर, पण मशीनवरच. हाताचं काम बघायचं तर पाटेक, वाशरॉन या जुन्या स्विस कंपन्यांकडे किंवा एकट्याने बसून घड्याळ बनवणाऱ्यांकडे बघा. स्वित्झर्लंडात वाले द जू नावाचं खोरं आहे, तिथे फिलिप डुफूर म्हणून कारागीर आहे. आतली चाकं जागेवर धरणारी पट्टी असते, तिला पूल म्हणतात, तिची कडा हा माणूस कानसने तिरपी करतो आणि मग जेन्शियन नावाच्या रोपाच्या वाळक्या काडीने घासून चकचकीत करतो. आणि ती कडा घड्याळाच्या आत असते. पाठीमागून बघितली तर दिसणार. आपल्याकडे हातमागावरचं वॉल हँगिंग उलटं करून बघितलंय का कधी? चांगला विणकर असेल तर उलटी बाजूपण साफ असते. तसंच.

सर्व्हिसिंग: पाच ते आठ वर्षांत एकदा करावं लागतं, तेल वाळतं आतलं. स्पीडमास्टर मी उघडणार नाही, आधीच सांगून ठेवतो. हात चालेल पण सुटे भाग मिळत नाहीत, स्विस कंपन्या आमच्यासारख्या छोट्या दुकानांना सहसा देत नाहीत. पुण्या-मुंबईला कंपनीच्याच सेंटरला द्यायचं, दर वेळी चांगलेच पैसे जातील, धरून चाला. आणि चामड्याचा पट्टा घेऊ नका, आपल्याकडे मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीत एका सीझनमध्ये कुजतो, स्टीलची चेन घ्या.

पण त्याआधी बाबांचं घड्याळ घेऊन या. चावी फिरत नाही म्हणजे तेलाचा डिंक झालाय, बहुतेक दुसरं काही नाही. जोर लावला नाहीत हे लै चांगलं केलंत. जनताचे भाग अजून मिळतात, बेंगलोरला १९६१ ला जपानच्या सिटिझनच्या मदतीने कारखाना सुरू झाला तेव्हापासून इतकी घड्याळं निघालीत की २०१६ ला सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं तरी आमच्या डब्यात भाग आहेत. माझ्या आजोबांच्या डब्यात तर फेवर लुबाच्या सी किंगचे, वेस्ट एंडच्या सोवारचे, हेन्री सँडोजचेपण काटे आहेत. या आठवड्यात या.

---

पूर्वभाग_माग

वरती चिमटावाल्या काकांनी विणकराचं नाव काढलं म्हणून लिहितोय. आमचे पॉवरलूम आहेत, टॉवेलचे. घड्याळातलं मला काही कळत नव्हतं, पण मध्यंतरी एक गोष्ट वाचली आणि ती डोक्यातून जात नाही.

१९६९ च्या नाताळाला जपानच्या सायकोने ॲस्ट्रॉन नावाचं पहिलं क्वार्ट्झ हातघड्याळ बाजारात आणलं. साडेचार लाख येन किंमत, त्या वेळी तिकडे तेवढ्यात गाडी यायची. पण दहा-बारा वर्षांत क्वार्ट्झ इतकं स्वस्त झालं की स्विस लोकांचा धंदाच बसला. १९७० ला तिथे साधारण नव्वद हजार लोक घड्याळाच्या कामात होते, पंधरा-सोळा वर्षांत तीस हजारांच्या आसपास उरले. ला शो-द-फाँ, ल लोक्ल असली आख्खी गावं यावरच जगणारी. आता हे वाचताना मला स्वित्झर्लंड दिसलंच नाही, मला आपली चाळ दिसली. गिरणी बंद झाल्यावर सकाळी भोंगा वाजला नाही तेव्हा लोक दारात येऊन उभे राहिले होते, आई अजून सांगते.

तर ल लोक्लमध्ये झेनिथ नावाची कंपनी. त्यांचं एल प्रिमेरो नावाचं मशीन, १९६९ चंच, सेकंदाला दहा ठोके देणारं. कंपनी अमेरिकन मालकाकडे गेलेली आणि १९७५ ला वरून हुकूम आला की आता स्प्रिंगवर चालणारी घड्याळं बंद, साचे, डाय, हत्यारं सगळं भंगारात काढा. तिथे शार्ल व्हर्मो नावाचा फोरमन होता. त्याने वर पत्र लिहिलं, काही उपयोग झाला नाही. मग त्याने काय केलं, एकेक करून सगळी हत्यारं, साचे, कॅम, कशावर कुठलं काम चालायचं त्याच्या नोंदी, सगळं उचलून कारखान्याच्या पोटमाळ्यावर नेऊन लपवलं आणि भिंतीआड ठेवून दिलं. आठ-नऊ वर्षांनी परत स्प्रिंगवरच्या घड्याळांना मागणी आली तेव्हा त्याने पोटमाळा दाखवला. नवीन साचे करायचे म्हटले असते तर कंपनीला परवडलंच नसतं. १९८८ ला रोलेक्सने आपल्या डेटोना घड्याळासाठी हेच मशीन घेतलं.

मी लहानपणी गिरणीतले साचे ट्रकमध्ये भंगार म्हणून चढताना बघितलेत. गॅस कटरने कापून किलोवर विकले. वडील बघायला गेले होते आणि येताना एक धोटा घेऊन आले, मागावर आडवा दोरा घेऊन धावतो तो, लाकडी, टोकाला पितळ, तो अजून आमच्या देव्हाऱ्याच्या बाजूला आहे.

म्हणून दादा, तुम्ही विचारलंत ना सातात काय असतं. मला वाटतं त्यातले थोडे पैसे पोटमाळ्याचे असतात. ज्या कारागिरीची दुनियेला गरज उरली नव्हती ती कुणीतरी मरू दिली नाही, त्याचे. तुमच्या बाबांचं काम मरू दिलं गेलं. तुम्ही हे घड्याळ घ्यावं असं मला मनापासून वाटतं, आणि कपाटातलं आधी चालू करावं असंपण.

---

हिशेबनीस_बाळीवेस

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण दुसरा प्रश्न कुणी हातात घेतला नाही म्हणून मी घेतो, कारण यात लोक फसतात.

घड्याळ म्हणजे गुंतवणूक ही गोष्ट डोक्यातून काढून टाका. पेपरात ज्या बातम्या येतात त्या वेगळ्याच घड्याळांच्या असतात. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचं स्वतःचं रोलेक्स डेटोना २०१७ ला न्यूयॉर्कच्या लिलावात एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरला गेलं, कारण ते त्याचं होतं. पाटेकचं स्टीलचं नॉटिलस, ५७११ मॉडेल, २०२१ ला बंद करतो म्हणून जाहीर झालं आणि भाव आभाळाला भिडले. २०२१ आणि २०२२ च्या सुरुवातीला सेकंडहँड बाजार असा तापलेला की पोरं कर्ज काढून रोलेक्स घेत होती, आणि २०२२ च्या उन्हाळ्यापासून जो भाव उतरायला लागला त्यात कितीतरी लोक वरच्या किमतीला अडकले. स्टीलची मोजकी रोलेक्स आणि पाटेक, ऑडेमार पिगेची काही मॉडेलं सोडली तर शोरूमच्या पायरीवरून खाली उतरलात की किंमत उतरते. स्पीडमास्टर चांगलं टिकतं, जुन्या मॉडेलांना कायम गिऱ्हाईक असतं, पण आज सातला घेऊन उद्या सातला विकलं जाईल असं धरू नका.

त्यावरून एक आठवलं. १९७२ च्या आधी स्टीलचं घड्याळ सोन्याच्या घड्याळापेक्षा महाग असू शकतं ही कल्पनाच कुणी केली नव्हती. ऑडेमार पिगेने रॉयल ओक काढलं, जेराल्ड जेंटाचं डिझाइन, आठ कोनी, वर आठ स्क्रू उघडे दिसणारे, स्टीलचं, आणि किंमत ३,३०० स्विस फ्रँक, तेव्हा सोन्याची घड्याळं त्याच्यापेक्षा कमीत मिळायची. सोनारासारखा वजनावर भाव करणाऱ्या आपल्या लोकांना हे पटायला जड जातं, मलापण गेलं. घड्याळात धातूचा भाव शेवटी येतो.

आता तुमच्या कामाचं. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावरची तारीख आणि घड्याळावरचा नंबर जुळवून घ्या. दोन लाख किंवा वर रोख चालत नाही, कुणी घेतो म्हणाला तर त्या दुकानातून उठा. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएस, म्हणजे दुकानदार विकतानाच घेतो तो आयकर, लागतो, तुमचं त्याच्या आत आहे. स्वित्झर्लंडशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, त्यात स्विस घड्याळांवरची कस्टम ड्युटी सात वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची आहे, पण कंपन्या दर वर्षी भाव वाढवतात आणि फ्रँकपण महाग होत जातो, त्यामुळे त्यासाठी थांबून सात वर्षांनी स्वस्त मिळेल असं मला काही वाटत नाही. दुबईहून कुणाच्या हातात घालून आणायचं डोक्यात असेल तर ड्युटी भरून रीतसर आणा, नाहीतर तेच घड्याळ सर्व्हिसला देताना किंवा विकताना धाकधूक राहते.

आणि विम्यात नोंद करा.

---

विजापूररोड_विक्रांत

सेकंडहँडचं कुणी सुचवेल त्याआधी माझं ऐका. तीन वर्षांपूर्वी एका माणसाकडून ऑनलाइन जुनं ओमेगा घेतलं, साठच्या दशकातलं म्हणून, नव्वद हजार. फोटोत डायल इतकी सुंदर होती की मी बघतच राहिलो. साठ वर्षांच्या घड्याळाची डायल नवीकोरी कशी असेल हा साधा प्रश्न मला पडला नाही. नंतर पुण्यात एका जाणत्याने भिंगातून दाखवलं: डायल परत रंगवलेली, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेषा एका ठिकाणी काट्याच्या टोकापर्यंत पोचतात आणि एका ठिकाणी नाही, आतलं मशीन वेगळ्याच मॉडेलचं, बाहेरची डबी, म्हणजे केस, तिसऱ्याची. तीन घड्याळांचं एक केलेलं. त्या माणसाचा नंबर दुसऱ्या दिवसापासून बंद.

वाईट पैशांचं वाटलं तेवढंच नाही. मी सहा महिने ते घालून फिरलो होतो, पोराला दाखवलं होतं की हे तुझं होणार.

हे फक्त महागड्यात होतं असं नाही, जुन्या एचएमटीतपण भडक रंगाच्या नव्या डायल टाकून हजारांनी विकतात, कंपनीने त्या रंगात कधी काढलंच नव्हतं. त्यामुळे दादा, तुमच्या बाबांच्या घड्याळाची डायल पिवळी पडलेली असेल, डाग असेल, तरी कुणी "नवीन करून देतो" म्हटलं तर देऊ नका. तशीच ठेवा. ती परत मिळत नाही.

---

सिस्टर_ताई_सातरस्ता

मी एकतीस वर्षं नर्सिंग केलं, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. घड्याळ माझ्यासाठी कामाचं हत्यार होतं. नाडी मोजताना पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवायची आणि नजर सेकंद काट्यावर, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं, ठोके वेडेवाकडे लागले तर पूर्ण मिनिट. आयसीयूला मनगटावर काही घालायचं नसतं, जंतू राहतात, म्हणून मी युनिफॉर्मच्या खिशाला उलटं लटकणारं पिनचं घड्याळ लावायचे, वरून मान खाली करून बघितलं की सरळ दिसायचं. साधं सेलचं. त्या काट्यावर मी किती माणसं मोजली असतील, आणि काही वेळा मोजता मोजता ठोके थांबलेले.

भाऊ, मला सात लाख जास्त वाटतात, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात एका मुलीचं नर्सिंगचं शिक्षण होऊन वर उरतात. पण तुम्ही कर्ज फेडून, घर बघून, कुणाचं न बुडवता घेताय, तर मी कोण नको म्हणणारी. मला फक्त एकच सांगायचंय. घेतलंत तर लॉकरमध्ये ठेवू नका. युनिटमध्ये घाला, मशीनला तेल देताना घाला, ओरखडे पडू द्यात. माझ्या एका पेशंट आजोबांचं सोन्याचं घड्याळ होतं, आयुष्यभर कपाटात जपलेलं. शेवटच्या आठवड्यात मुलाला सांगून मागवून घेतलं, तर मनगट इतकं बारीक झालेलं की चेन कोपरापर्यंत सरकत होती. त्यांनी ते मुठीत धरून ठेवलं मग.

---

जुळेसोलापूर_४६

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस उत्तर दिलं नाही कारण आधी चिमटावाल्या काकांकडे जायचं होतं.

मंगळवारी गेलो. त्यांनी काउंटरवर पांढरा कागद अंथरला, डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण उघडलं. मशीन बघायच्या आधी त्यांनी झाकण उलटं करून उजेडात धरलं आणि मला म्हणाले, हे बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारखं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. मला दिसेना, तेव्हा भिंग माझ्या डोळ्याला लावून दिलं. ८४. त्याच्या खाली ८७. मग ९१. मग ९४. काका म्हणाले दुरुस्ती करणारा प्रत्येक वेळी साल कोरून ठेवतो, म्हणजे पुढच्याला कळतं तेल कधी दिलंय. म्हणजे बाबा दर तीन-चार वर्षांनी न चुकता सर्व्हिसिंग करून घ्यायचे, आम्हाला माहीतच नव्हतं. ९४ च्या पुढे काही नाही. पुढच्या वर्षी गिरणी बंद पडली.

मी तिथे थोडा वेळ काही बोललोच नाही. काकांनीपण काही विचारलं नाही, चहा सांगितला.

बायको सोबत होती. तिला त्यांनी बॅलन्स व्हील दाखवलं, तेल दिल्यावर पहिल्यांदा हललं तेव्हा. आधी नुसतं थरथरलं, मग एकदम फिरायला लागलं. ती म्हणाली, अगं बाई, हे तर श्वास घेतल्यासारखं दिसतंय. परत घरी येताना गाडीवर म्हणाली, आता मला सांगायची गरज नाही. नासाची गोष्ट मास्तरांसारखी मला सांगता आली नसती, पण पोटमाळ्याची मी तिला वाचून दाखवली, पूर्वभागच्या दादा, ती दोनदा वाचायला लावली तिने.

डायल तशीच ठेवलीये विक्रांत, चार आणि पाचच्या मधे एक पिवळा डाग आहे, राहू दे. काकांनी खाली नवीन साल कोरलं. आत्ता दिवसाला चाळीस सेकंद पुढे जातंय, ते म्हणाले आठवडाभर घाला, मग बसवून देतो. रोज सकाळी चहानंतर चावी देतो. धाकटीच्या कानाला लावतो, तिला आधी ऐकूच येईना, पंखा बंद करावा लागला.

आणि हो, रविवारच्या हुतात्मा एक्सप्रेसची दोन तिकिटं काढलीत पुण्याची. घ्यायचंच असं नाही, आधी हातात घेऊन चावी देऊन बघतो. सिस्टर ताई, घेतलं तर युनिटमध्येच घालणार, तुम्हाला शब्द. जनता घालूनच जाणार आहे, शोरूममध्ये काढून ठेवायला सांगतील तेव्हा बायकोच्या हातात देईन.